वर्गणी कुणाची, संस्था कुणाची

डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, कुणाचीही संघटना घ्या. आपल्याकडे कार्यकारिणीत भांडण पेटलं की पहिली मागणी ठरलेली: धर्मादाय आयुक्तांनी लक्ष घालावं, कायदा कडक करावा. मी ज्या संघटनेचा आजीव सभासद आहे तिच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या हेच चाललंय. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथल्या अशाच एका संस्थेची वर्गणी भरतो, आणि मला ही मागणी पटत नाही.

कायदा सैल आहे कुठे? महाराष्ट्राच्या 1950 च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा. जागा विकायची तर कलम 36 खाली आधी आयुक्तांची परवानगी. प्रत्यक्षात चेंज रिपोर्टचा निकाल लागेपर्यंत पुढची निवडणूक तोंडावर येते, आणि दोन्ही गट ‘आम्हीच खरे’ म्हणत बँकेत सह्यांवरून भांडतात. यात सभासदाच्या हाती काय पडतं? तारीख.

इथे इंग्लंडमध्ये सभासदांच्या आपसातल्या वादात चॅरिटी कमिशन, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारी इथली सरकारी यंत्रणा, सहसा पडत नाही. तुमचं तुम्ही निस्तरा म्हणतं. पण त्यांच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकलं की गेल्या काही वर्षांचे हिशेब कुणालाही उघडतात. वर्ष संपल्यावर 10 महिन्यांत हिशेब आले नाहीत तर उशिराची नोंदही तिथेच चारचौघांत दिसते. वर्षाला 60 हजार पौंडांहून अधिक घेणारे कर्मचारी किती, तेही 10-10 हजारांच्या टप्प्यांत कळतं. विश्वस्त बहुधा बिनपगारी. त्यांनी प्रवासखर्च किती घेतला, हे हिशेबाच्या टिपांमध्ये सापडतं.

हे हिशेब वाचले की एक अडचणीची गोष्ट लक्षात येते. मोठ्या संस्थांचा गाडा अनेकदा वर्गणीवर चालतच नाही; परीक्षा, प्रशिक्षण, नियतकालिकं यांवर चालतो. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स या इथल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेची प्रकाशन कंपनी पूर्णपणे संस्थेच्याच मालकीची, आणि तिचा नफा संस्थेकडे येतो. मग ‘मी वर्गणी भरतो, मला काय मिळतं?’ हा सभासदाचा लाडका प्रश्न लंगडा पडतो. धर्मादाय दर्जा हवा तर काम जनतेच्या हिताचं असावं लागतं. सभासद मतदार आहे, मालक नाही. हे पचायला जड जातं, तिथेही आणि इथेही.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स ही नोंदणीकृत चॅरिटी नव्हे, पण जमीन-इमारतींचं मोजमाप आणि मूल्यांकन करणाऱ्यांची, सनद मिळालेली जुनी, वजनदार व्यावसायिक संस्था. 2018 मध्ये तिच्या निधी व्यवस्थापनाच्या अंतर्गत तपासणीत सर्वांत खालचा शेरा मिळाला. व्यवस्थापन मंडळावरच्या चार बिगर-कार्यकारी सदस्यांनी त्यावर प्रश्न विचारले. 2019 मध्ये त्या चौघांनाच काढलं गेलं. प्रकरण वर्तमानपत्रांत आल्यावर स्वतंत्र चौकशी नेमली गेली. 2021 च्या अहवालात चौघांवर अन्याय झाल्याचं नमूद झालं. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. लाखभराहून अधिक सभासद असलेल्या संस्थेत हे घडत असताना बहुतेकांना पत्ताच नव्हता. छापील ताळेबंद होते की, पण तो तपासणी अहवाल ताळेबंदात थोडाच असतो!

तरी मी ताळेबंदाच्याच बाजूने बोलणार, कारण आपल्याकडे निदान तेवढं तरी हवं. आजीव शुल्काचंच घ्या. ते एकदाच घेतलेलं असतं. कायम निधीत ठेवून व्याजावर त्या सभासदाला आयुष्यभर सेवा द्यायची, हा त्यामागचा हिशेब. पुष्कळ ठिकाणी ते त्याच वर्षीच्या अधिवेशनात उडतं आणि पुढची पन्नास वर्षं पत्रिका, टपाल, सवलती नव्या सभासदांच्या पैशांतून. आयुक्तांनी कार्यकारिणी बदलली म्हणून हे भगदाड बुजत नाही. ते दिसतं ताळेबंदाच्या डाव्या बाजूला, कायम निधीच्या ओळीत. ती ओळ उजवीकडच्या मुदत ठेवींशी ताडून पाहायची, बस.

तेवढाच प्रश्न मी आमच्या संघटनेला ईमेलने विचारला. खजिनदारांचं उत्तर अत्यंत अदबीने आलं: सर्वसाधारण सभेला समक्ष हजर राहून विचारावे. सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होते, मग त्याच जागी गणसंख्येच्या अटीविना भरते, आणि हिशेब ‘वाचले असे समजून’ मंजूर होतात.