गुरूच्या ऋणातच राहावे : होतकरू कंट्री गायकांसाठी

हॅट घेतली, उंच टाचेचे बूट घेतले, गिटार हप्त्यावर उचलली. आता कंट्री संगीताची राजधानी नॅशव्हिल, तिथलं तिकीट काढण्याआधी गुरू तेवढा बघायचा राहिला. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या डोंगरदऱ्यांतल्या गोऱ्या, कष्टाळू, देवभोळ्या माणसाचं संगीत, हे तुम्ही ऐकलंच असेल. म्हणूनच गुरू कृष्णवर्णीय बघा. दचकू नका, आजवरच्या थोरामोठ्यांनी हेच केलंय.

गुरू निवडताना त्याचं वादन तपासत बसू नका, ते उत्तमच असतं. त्याच्याकडे वकील नाही ना, रेकॉर्ड कंपनीचा करार नाही ना, आणि जमल्यास कायमचा पत्ता नाही ना, एवढी चौकशी पुरे. या कसोटीवर कंट्रीचा गाजलेला गायक हँक विल्यम्स याने केलेली निवड वाखाणण्यासारखी. अलाबामातल्या जॉर्जियाना-ग्रीनव्हिलच्या रस्त्यांवर रूफस पेन नावाचा गिटारवाला वाजवत फिरायचा. लोक त्याला टी-टॉट म्हणत. हँक तेव्हा शाळकरी पोर, त्याच्या मागे मागे हिंडणारा. पेनने त्याला गिटार धरायला शिकवलं, ताल शिकवला, लोकांसमोर उभं कसं राहायचं तेही शिकवलं. फी म्हणजे थोडी चिल्लर, नाहीतर हँकच्या आईच्या हातचं जेवण. पुढे हँक देशभर गाजला आणि १९५१ मध्ये त्याने वर्तमानपत्राला मोकळ्या मनाने सांगून टाकलं, की मला संगीताचं जे काही शिक्षण मिळालं ते सगळं याच माणसाकडून. आहे का कृतघ्न म्हणायला जागा? तोवर पेनला जाऊन बारा वर्षं झाली होती. १९३९ मध्ये माँटगोमेरीत तो वारला, तिथल्या लिंकन दफनभूमीत त्याला पुरलं, वर साधा दगडही नव्हता. १९५३ मध्ये हँक गेला तोही माँटगोमेरीतच विसावला. अंत्यदर्शनाला वीसेक हजार लोक लोटले. त्याच्या थडग्यावर उंच संगमरवरी स्मारक आहे आणि पायथ्याशी दगडात कोरलेली काउबॉय हॅट. एकाच गावात दोन्ही ठिकाणं असल्यामुळे गुरुदर्शन आणि शिष्यदर्शन अर्ध्या दिवसात उरकतं.

आपल्याकडे सत्काराला उत्तर देताना एक वाक्य हमखास येतं, 'आभार मानून मी तुमच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही, मला ऋणातच राहू द्या.' हे वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा. कंट्रीचं सगळं अर्थशास्त्र त्यात आहे. ऋण नाकारायचं नाही. नाकारलं की कोणीतरी पुरावे काढतो. गहिवरून कबूल करायचं आणि फेडायचं मात्र नाही.

गाणी कुठून आणायची ही तुमची पुढची चिंता. ए. पी. कार्टरांचा कित्ता गिरवा. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला राल्फ पीअर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी कार्टर कुटुंबाची पहिली गाणी ध्वनिमुद्रित केली, ती खपली आणि नवी गाणी पुरवायचा तगादा लागला. कार्टर गावोगाव फिरून जुनी गाणी गोळा करत. शब्द कागदावर उतरवून घ्यायचे, पण चाल काही डोक्यात राहायची नाही. तेव्हा त्यांना टेनेसीत लेस्ली रिडल भेटला. रिडलचा पाय सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात गेलेला, उजव्या हाताची दोन बोटं बंदुकीच्या अपघातात गेलेली. पण चाल एकदा ऐकली की पक्की. मग जोडी निघाली. काळ्या वस्तीत आणि तिथल्या चर्चमध्ये दार उघडायचं ते रिडलकडे बघून. कार्टर शब्द लिहून घेत, रिडल चाल डोक्यात घेऊन घरी येई आणि वाजवून दाखवी. उरलेल्या बोटांनी तो तारा छेडायचा कशा, हे कार्टरांची भावजय मेबेल शेजारी बसून बघायची. मेबेलचं गिटार पुढे अख्ख्या अमेरिकेने गिरवलं.

कामाची वाटणी किती न्याय्य होती पाहा. एकाकडे कागद, दुसऱ्याकडे चाल. आणि नोंदणी तर कागदाचीच होते! गाण्यांवर नाव लागलं ए. पी. कार्टर. खरा पैसा स्वामित्वहक्कात असतो हे पीअर यांनी इतरांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. व्हिक्टरकडून पगाराचा आग्रह न धरता त्यांनी हक्कच आपल्याकडे ठेवले. रिडल पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला निघून गेला, त्याचं गिटार सुटलं. १९६५ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक माइक सीगर यांनी त्याला शोधून काढलं, तोही मेबेलने नाव सांगितलं म्हणून. म्हणजे इथेही कृतघ्नपणा नाही. सांगून ठेवतो, भटकंतीला निघालात की कागद तुमच्या हातात ठेवा.

वादनाची शैली मात्र हक्कानं नोंदवता येत नाही, तिला नुसतं नाव देता येतं. केंटकीच्या कोळसा खाणींच्या टापूत अर्नल्ड शुल्त्झ नावाचा कृष्णवर्णीय खाणकामगार गिटार वाजवायचा. अंगठ्याने खालच्या सुरांचा ठेका, बोटांनी वर गाणं. ऐकणाऱ्याला वाटावं दोघं वाजवतायत. ब्लूग्रास या कंट्रीच्या शाखेचे जनक म्हणून ज्यांची आरती ओवाळतात ते बिल मन्रो पोरवयात त्याच्याबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत साथीला असायचे, आणि हे त्यांनी आयुष्यभर अभिमानानं सांगितलं. शुल्त्झचा अंगठा केनेडी जोन्सने उचलला, त्याच्याकडून मोझ रेगर आणि आइक एव्हर्लीकडे गेला, त्यांच्याकडून मर्ल ट्रॅव्हिसकडे, आणि ट्रॅव्हिसला रेडिओवर ऐकून चेट अ‍ॅटकिन्सकडे. शुल्त्झ १९३१ मध्ये गेला. त्याची एकही रेकॉर्ड नाही. आज जगभरचे क्लासवाले या वादनाला 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणून शिकवतात. एकलव्याच्या गोष्टीत अंगठा शिष्याचा गेला म्हणून आपण अजून द्रोणाचार्यांना बोल लावतो. केंटकीत अंगठा गुरूचा गेला आणि कुणाच्या डोळ्याला टिपूस नाही, यालाच प्रगती म्हणायचं.

वाद्याबद्दल विचारलंच कुणी, तर डोंगराकडे बोट दाखवा. बँजो हे अपालाचियन, म्हणजे पूर्व अमेरिकेच्या डोंगररांगांतलं, वाद्य आहे, असं ठणकावून सांगा. पश्चिम आफ्रिकेत भोपळ्यावर कातडं ताणून केलेली अशीच वाद्यं आहेत, त्यांतल्या अकोंटिंगलाही अंगठ्याने छेडायची एक आखूड तार असते, आणि गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ही विद्या सोबत आणली, हे उगाच उकरून काढू नका. थॉमस जेफरसन यांनी मात्र आपल्या व्हर्जिनियावरच्या पुस्तकात, हे वाद्य काळ्यांनी आफ्रिकेतून आणलं, असं अठराव्या शतकातच छापून ठेवलंय. राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या माणसाने एवढं सविस्तर लिहू नये.

दुकानदारांनी हा घोळ १९२० च्या दशकात फार सोप्या रीतीने मिटवला. काळे गायक 'रेस रेकॉर्ड्‌स'च्या यादीत, गोरे गायक 'हिलबिली'च्या यादीत. गाणं तेच असलं तरी चालेल, यादी वेगळी हवी. १९४९ मध्ये खपाच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड या साप्ताहिकाने या फळ्या नव्याने रंगवल्या आणि एकीवर 'ऱ्हिदम अँड ब्लूज', दुसरीवर 'कंट्री अँड वेस्टर्न' लिहिलं. भिंत तीच, रंग ताजा. आणि कधी दोन्हीकडची माणसं एकाच खोलीत आलीच, तर लेबल छापणारा सांभाळून घेतो. गोरे कंट्री गायक जिमी रॉजर्स यांच्या नवव्या 'ब्लू योडेल' गाण्यात १६ जुलै १९३० ला ट्रंपेटवर जॅझचे कृष्णवर्णीय बादशहा लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर लिल हार्डिन होते. रेकॉर्डवर त्यांचं नाव नव्हतं. ट्रंपेट ऐकून आर्मस्ट्राँग ओळखू येत नसेल त्याने कान तपासून घ्यावेत, छपाईचा खर्च कशाला?

आता समजा, गुरूला स्वतःच मंचावर चढायचं असलं तर? एकाला चढू द्या. एकच. शोभेला बरा दिसतो. १० डिसेंबर १९२७ च्या रात्री नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर आधी वॉल्टर डॅमरॉश यांचा अभिजात संगीताचा तास झाला, त्यात वाद्यवृंदाने आगगाडीचं चित्र उभं केलं. मग 'बार्न डान्स' या गावरान गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमाची पाळी आली. निवेदक जॉर्ज हे यांनी डेफर्ड बेलीला माइकसमोर उभं केलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे उंची बेताची, हातात चिमुकला माउथ ऑर्गन. लहानपणी रेल्वेपुलाखाली थांबून त्याने गाड्या ऐकल्या होत्या. त्याने पॅन-अमेरिकन एक्स्प्रेस सोडली. आधी इंजिनाची धाप, मग वेग, फाटकाजवळची शिट्टी, आणि लांब जात विरणारा आवाज. सबंध वाद्यवृंदाचं काम एका फुंकरीत. ते संपलं आणि जॉर्ज हे म्हणाले, तासभर आपण ग्रँड ऑपेरा ऐकलं, आता यापुढे 'ग्रँड ओल ऑप्री'. कंट्रीच्या पंढरीचं बारसं हे असं झालं, काळ्या माणसाच्या वादनाच्या टाळीवर. १९२८ च्या ५२ आठवड्यांपैकी ४९ आठवडे बेली तिथे वाजवत होता, इतका दुसरा कुणीच नाही. दौऱ्यावर मात्र हॉटेलात खोली मिळत नसे. कधी सोबतच्या गोऱ्या कलावंताचा नोकर म्हणवून घेऊन आत शिरावं लागे.

१९४१ मध्ये रेडिओ कंपन्यांचं स्वामित्वहक्कांच्या संस्थेशी भांडण लागलं, त्यात बेलीच्या गाजलेल्या सुरावटी वाजवायची बंदी आली आणि नोकरी गेली. भांडण त्याने काढलं नव्हतं, पण वड्याचं तेल कुठेतरी निघायलाच हवं. जॉर्ज हे यांनी १९४५ च्या पुस्तिकेत त्याला आमचा मॅस्कॉट, म्हणजे शुभशकुनी बाहुला, म्हटलं, आणि नव्या चाली शिकायला आळस केला असंही लिहून ठेवलं. पुढची कित्येक वर्षं बेलीने नॅशव्हिलमध्येच बूट पॉलिशचं दुकान चालवलं. १९८२ मध्ये तो गेला. २००५ मध्ये त्याला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. वरातीमागून घोडं म्हणाल, पण घोडं देखणं होतं.

कृष्णवर्णीय गायक चार्ली प्राइडच्या वेळी कंपनी शहाणी झाली होती. शुल्त्झच्या अंगठ्याचे वारस चेट अ‍ॅटकिन्स तेव्हा आरसीए कंपनीत मोठ्या जागेवर होते, त्यांनी त्याला घेतलं. १९६६ मधल्या त्याच्या पहिल्या रेकॉर्ड रेडिओ केंद्रांना गेल्या त्या फोटोशिवाय. आवाज आवडला, मागणी आली. मग डेट्रॉइटच्या मोठ्या कार्यक्रमात नाव पुकारल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, प्राइड मंचावर आला आणि टाळ्या जागच्या जागी थिजल्या. त्याने हसून सांगितलं, की कंट्रीच्या कार्यक्रमात असा उन्हात कायमचा रापलेला माणूस तुम्हाला नवलाचा वाटणार, ठाऊक आहे मला. लोक हसले, टाळ्या परत आल्या. १९७१ मध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम कलावंत ठरला. म्हणजे बुद्धी, गळा, संयम आणि स्वतःच्या कातडीवर विनोद करायची तयारी एवढं जवळ असलं, की काळ्या गायकाला काहीच अडचण येत नाही.

लिंडा मार्टेलची गोष्ट थोडक्यात. ऑप्रीच्या मंचावर एकटीने गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, १९६९ मध्ये. तिच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव होतं प्लँटेशन रेकॉर्ड्‌स. गुलामांच्या मळ्यांचं नाव. यावर मी विनोद करणार नाही, कंपनीने काही शिल्लकच ठेवलेला नाही. एका अल्बमनंतर तिचं कंट्रीतलं दुकान बंद झालं.

आता धोक्याचा इशारा. हल्ली गुरू बिथरलेत. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचं घोड्यावरचं गाणं कंट्रीच्या यादीत शिरलं. बिलबोर्डने ते काढून टाकलं, कारण आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नव्हते. मग त्याने बिली रे सायरस नावाचा गोरा कंट्री गायक हा घटक घातला आणि गाणं सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. त्याहून भयंकर उदाहरण ट्रेसी चॅपमनचं. तिच्या १९८८ च्या 'फास्ट कार'ला गोरा कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सने २०२३ मध्ये इमानेइतबारे गायलं. माणूस सज्जन, शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवले, जिथेतिथे तिचं नाव घेतलं. पण घात असा झाला, की गाणं कागदावर तिचंच होतं. पैसे तिला गेले, आणि सर्वोत्कृष्ट गीताचा कंट्री पुरस्कारही तिलाच. त्या पुरस्काराच्या इतिहासात पहिल्यांदाच काळ्या गीतकाराला. ऋण फेडलं गेलं! असं होऊ लागलं तर ऋणात राहणार कोण?

बियॉन्सेने तर २०२४ मध्ये सगळे गुरू एका अल्बमवर गोळा केले. लिंडा मार्टेलचा आवाज आणला, कृष्णवर्णीय वादक रिअनन गिडन्सचा बँजो आणला. नॅशव्हिलच्या कंट्री असोसिएशनने त्या वर्षी तिला एकही नामांकन दिलं नाही, तेवढी शिस्त अजून शाबूत आहे. ग्रॅमीवाले मात्र चुकले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा पुरस्कार तिला देऊन बसले. जूनमध्ये जाहीर झालं, की यापुढे कंट्री अल्बमचे दोन विभाग होतील, एक समकालीन आणि एक पारंपरिक. हा प्रस्ताव आधीपासून येत होता, असा ग्रॅमी देणाऱ्या अकादमीचा खुलासा आहे आणि आपण तो मान्य करू. तुम्ही अर्ज पारंपरिक विभागात भरा. नियमावलीत पारंपरिक वाद्यांची नावं दिली आहेत, त्यांत बँजो आहे. परंपरा कोणाची, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.