बाटलीवरचं साल शोभेचं नसतंय, दाजी

पुण्याच्या आमच्या दाजींनी परवा पावण्यांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, आणि त्याच दिवशी तोच मेसेज मला अजून चार जणांकडनं आला, त्यातला एक तर आमच्या बागेत विरळणीला येणाऱ्या मावशींच्या पोरानं पाठवला, खाली डोळे मारणारी बाहुली. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्याकडची वाईन म्हणजे एक्स्पोर्टमधनं रिजेक्ट झालेल्या द्राक्षांचा रस, आपल्याकडं बारा महिने ऊनच असतंय त्यामुळं बाटलीवरचं साल नुसतं शोभेला, वाईन जितकी जुनी तितकी भारी, द्राक्षं न धुताच चिरडतात म्हणजे सगळी औषधं पोटात, वर सल्फाइट नावाचं विष, आणि घ्यायचीच असली तर एखाद्या कुटुंबाच्या बागेतली घ्या कारण घरची म्हणजे शुद्ध. त्याखाली मांडवाला लोंबणाऱ्या लांबलचक हिरव्या मण्यांच्या घडांचा फोटो.

फोटोपासनंच सुरू करते. ती सोनाका वळणाची खायची द्राक्षं आहेत हो, वाईनशी त्यांचा काही संबंध नाही. तासगाव-मिरजेकडचं शाळकरी पोरगं पण सांगेल.

मी लग्न होऊन सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आले ती २००९ ला. सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडं विंचूरला आणि आपल्याकडं पलूसला वाईन पार्क काढलं, त्या भरात मामांनी (माझे सासरे) २००६ ला वाईनची द्राक्षं लावली. मी आले त्याच वर्षी धंदा बसला. ज्या कंपनीबरोबर करार होता तिनं माल उचलला आणि पैसे बुडवले, शिवारातल्या बहुतेकांनी कुऱ्हाड लावली. मामांनी दीड एकर शिराज (तांबड्या वाईनची) आणि अर्धा एकर शेनिन ब्लां (पांढऱ्या वाईनची) ठेवली, बाकी थॉम्पसन, ती खायची, त्याचा बेदाणा करून तासगावच्या सौद्यात. वाईनचा माल आता दुसऱ्या एका छोट्या वायनरीला जातो. फवारणीची वही, ब्रिक्सची (म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाची) वही, तोडणीचा हिशोब हे सगळं माझ्याकडं असतंय, म्हणून हे लिहायला बसले.

आता रिजेक्ट मालाचं. ह्यात थोडं खरं आहे ते आधी कबूल करते. स्वस्तातली गोड पोर्ट मिळते तिच्यात बेंगलोर ब्लू आणि खायची द्राक्षं जातात. पण चांगल्या वाईनला थॉम्पसन चालतच नाही, आणि ते शेतकऱ्याला पटवायला दोन मिनिटं लागतात. खायच्या द्राक्षाला आपण काय करतो? जीएमध्ये (मणी वाढवायच्या संजीवकात) घड बुडवायचे, मणी फुगवायचा, लांबवायचा, साल पातळ, बी नको, पाणी भरपूर. एक्स्पोर्टला मणी १८ मिलिमीटर पाहिजे म्हणून जीव काढतो. वाईनला बरोबर उलटं. शिराजचा मणी बारका, साल जाड, आत बी. तांबड्या वाईनचा रंग रसात नसतोच, सालीत असतो, आणि तो घशाला धरणारा तुरटपणा सालीत आणि बीत. मणी जेवढा बारका तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. तुमचा फुगवलेला मणी चिरडला तर हातात येणार साखरपाणी. शिवाय खायचं द्राक्ष १८ ब्रिक्सला तोडायला येतं, शिराज आम्ही २३-२४ ला तोडतो, कारण ब्रिक्सच्या साधारण ५५ ते ६० टक्के एवढा अल्कोहोल बनतो, म्हणजे २३ ला तेरा-साडेतेरा. १८ वर तोडलं तर दहाच्या आसपास. रिजेक्ट माल कुठं जातो ते आम्हाला विचारा, बेदाण्याच्या शेडवर नाहीतर गावच्या बाजारात.

"हवामान दरवर्षी सारखंच, साल शोभेचं." हे वाचून मामा हसले नाहीत, उठून बाहेर गेले.

द्राक्षवाल्याला सांगताय होय हवामान सारखं असतं म्हणून? युरोपात वेल थंडीत झोपतो. आपल्याकडं झोपतच नाही, म्हणून आपण त्याला वर्षातनं दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातनं काडी तयार करायची, आणि ऑक्टोबरात फळछाटणी, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावून ते फोडायचे. म्हणजे तिकडं वेल कधी जागा व्हायचा ते थंडी ठरवते, इकडं ते माणूस ठरवतं, आणि ती तारीख चुकली की वर्ष गेलं. छाटणीनंतर सव्वा-दीड महिन्यात फुलोरा येतो, तेव्हा पाऊस लागला तर गळ, कूज आणि डाऊनी (ओलीत पसरणारा बुरशीसारखा रोग). लवकर छाटली तर परतीचा पाऊस बोकांडी, उशिरा छाटली तर पिकायच्या वेळेला मार्चचं ऊन. ह्या दोन्हीच्या मधनं वाट काढायची, आणि ती वाट दर साली वेगळी.

वहीतनं सांगते. २०१९ ला ऑगस्टमध्ये महापूर, आमचं रान माळाच्या अंगाला म्हणून वाचलं, पण ऑक्टोबर संपला तरी पाऊस हटेना. ज्यांनी सप्टेंबरात आगाप छाटल्या त्यांच्या बागा डाऊनीनं खाल्ल्या, माणसं घडाचा खच बघून बांधावरच बसलेली मी बघितलीत. आम्ही शिराज दिवाळीच्या तोंडावर छाटली, वाचली, पण तोडणी गेली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. निम्मा माल जनता कर्फ्यूच्या आधी गेला आणि निम्मा लॉकडाऊनचा पास काढून. आणि तो माल कसा होता? ब्रिक्स २५ च्या वर, पण आंबटपणाच गेलेला. गरम रात्रीत वेल मण्यातलं मॅलिक ॲसिड जाळून खातो, साखर पुढं पळते आणि आंबट मागं पडतं. वायनरीला टार्टारिक ॲसिड घालावं लागलं, गरम मुलखात सगळीकडं घालतात, त्यात लपवायचं काही नाही. पण त्या २०२० च्या बाटलीची चव जड आणि बसकी होती ती होतीच.

मग डिसेंबर २०२१. पहिल्याच आठवड्यात अवकाळी, दोन दिवस नुसती संततधार. शेनिनचा घड म्हणजे मुठीसारखा गच्च, मध्ये वारा शिरत नाही, एक मणी चिरला की त्याच्या पोटातनं कूज पसरते. आम्ही बायका एकेक घड हातात धरून कात्रीनं सडके मणी काढत बसलो, शेवटी निम्मा माल बांधावर टाकला. उरलेला १९ ब्रिक्सच्या वर चढला नाही. त्यामुळं २०२२ ची आमच्या शेनिनची बाटली कुणी भारी म्हणून विकत असला तर मला सांगा.

आणि आता माझं आवडतं साल, २०२३, कारण त्यानं मलाच खोटं पाडलं. जानेवारीत थंडी चांगली टिकली, शेनिन आम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे चारला डोक्याला टॉर्च लावून तोडली, असला माल मी अजून बघितला नाही, गोड आणि आंबट दोन्ही जागेवर. मी सगळ्यांना सांगत सुटले की यंदाचं साल म्हणजे साल. त्यानंतर तो फेब्रुवारी तापायला लागला, पुढं हवामान खात्यानं सांगितलं की दिवसाच्या सरासरी तापमानात १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात गरम फेब्रुवारी. शिराजची साखर दोन दिवसाला एक ब्रिक्सनं पळायला लागली आणि बी मात्र हिरवीच. (बी चावून बघायची असते, तपकिरी होऊन कडकन फुटली तरच माल खरा पिकला, रिफ्रॅक्टोमीटर नुसती साखर सांगतो.) तोडावं तर कच्चं, ठेवावं तर वाळतंय. म्हणजे एकच साल, एकच रान, एकाच घरची माणसं, आणि पांढरी उत्तम, तांबडी साधारण. मेसेजवाला म्हणतो सालाला अर्थ नाही, मी म्हणते नुसत्या सालावर पण जाऊ नका, कुठली द्राक्षं ते पण बघा.

जाता जाता एक, बाटलीवरचं साल तोडणीचं असतंय. छाटणी ऑक्टोबर २०२२ ला, तोडणी फेब्रुवारी २०२३ ला, तर छापणार २०२३.

जितकी जुनी तितकी भारी म्हणणाऱ्यांनी बहुतेक लोणच्याचा हिशोब वाईनला लावलाय. जगातली बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवलेली असते. शेनिन, सोव्हिन्यों असली पांढरी वर्ष-दोन वर्षांत संपवावी, तांबडी चांगली असली तर जरा जास्त टिकते, तेही थंड अंधाऱ्या जागेत. तुमच्या शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभी केलेली बाटली आठ वर्षांनी फोडली तर पाहुणे तोंडावर काही बोलणार नाहीत एवढंच.

आता औषधांचं. न धुता चिरडतात हे खरं आहे, सगळ्या जगात तसंच करतात, धुतलं तर पाणी मिसळतं. आणि आपल्या द्राक्षावर फवारण्या जास्त होतात हे पण खरं, मी वही लिहिते, मी कसं नाही म्हणू. २०१० ला लिहोसिनचा, म्हणजे वाढ रोखायच्या त्या सीसीसीचा अंश सापडला म्हणून आपली खायची द्राक्षं युरोपात अडकली, तो फटका ह्या जिल्ह्याला अजून आठवतो. तेव्हापासनं तपासणी आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते लोक मनावर घ्यायला लागले. पण त्यातनं "वाईन म्हणजे औषधाचा काढा" असं निघत नाही. एकतर वाईनच्या द्राक्षाला जीएच्या डिपिंगा नाहीत, फुगवणीचा सगळा खेळच नाही. दुसरं म्हणजे मोरचूद-चुन्याचं बोर्डो आपण मारतो ते नाव कुठलं? फ्रान्समधल्या वाईनच्या मुलखाचंच, १८८० च्या दशकात तिथं डाऊनी आला तेव्हा त्यावर ते निघालं. म्हणजे तिकडचा वेल काय गंगाजलावर वाढत नाही.

आणि गंमत म्हणजे वायनरीवाला आमच्यापेक्षा कडक. भुरीला (पांढरी भुकटी धरणारा बुरशीचा रोग) आपण गंधक मारतो, ते तोडणीजवळ मारलं आणि घडावर राहिलं तर रस आंबताना यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतं, आख्ख्या टाकीला सडक्या अंड्याचा वास. त्यामुळं मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो पिकायला लागला, की आमच्याकडं गंधक बंद, आणि गाडी आत घ्यायच्या आधी ते माझी वही मागतात. खायच्या द्राक्षाच्या व्यापाऱ्यानं मला वही कधी मागितल्याचं आठवत नाही.

फवारणी कमी करायचा खरा उपाय कात्री आहे. आम्ही शिराज मांडवावर नाही, तारांवर उभी भिंतीसारखी वाढवतो, ओळी उत्तर-दक्षिण, आणि घडापाशी पूर्वेकडची पानं काढतो म्हणजे सकाळचं ऊन आणि वारा लागतो, दव लवकर वाळतं, भुरी-डाऊनी कमी. पश्चिमेची पानं ठेवतो, नाहीतर दुपारी मणी भाजतात. मामांना हे पटायला तीन वर्षं लागली, त्यांच्या मते पान तोडणं म्हणजे वेलाच्या ताटातली भाकरी काढणं.

सल्फाइटचं लवकर उरकते. गंधकाचाच प्रकार, वाईन खराब होऊ नये म्हणून घालतात, थोडं तर यीस्ट स्वतःच बनवतं. युरोपात साध्या कोरड्या तांबड्या वाईनला लिटरला १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि तिथंच बेदाण्याला किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दाजी, दिवाळीला तुम्ही "पिवळा धमक पाठवा" म्हणून जो बेदाणा मागता तो गंधकाची धुरी दिल्याशिवाय पिवळा होत नाही. दम्याच्या माणसाला सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, म्हणून बाटलीवर लिहिलेलं असतं, ते त्यांनी वाचावं.

राहिलं "घरची म्हणजे शुद्ध". हे ऐकायला मला गोड लागायला पाहिजे, पण नाही लागत. घरच्यांनी पण माती खाल्लेली आहे. एका वर्षी दर चांगला निघाला म्हणून ह्यांनी शिराजवर घड जास्त ठेवले, थॉम्पसनची सवय, एकराला बारा-पंधरा टन बघितलेली नजर, तिला पाच टनांवर समाधान कसं होणार. नऊ टन निघाले. रंग विटलेला, ब्रिक्स २० ला येऊन अडकला, वायनरीनं दर कापला आणि मामा आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत. ते पण घरच्याच बागेचं पीक होतं, फोटोत आख्खं कुटुंब हसत उभं. कुटुंब आहे का कंपनी हे विचारण्यापेक्षा एकराला किती टन काढले आणि कधी तोडले ते विचारा, सांगणारा असला तर लगेच सांगतो.

यंदाचं पण सांगून ठेवते. २०२५ चा मे बघितलाच सगळ्यांनी, महिना संपायच्या आत पावसाळा. आणि घड काडीत ठरतो तो खरड छाटणीनंतरच्या त्याच दीड-दोन महिन्यांत, त्याला ऊन लागतं, आणि ऊनच नव्हतं. गेल्या आठवड्यात काडी तपासून आणली, शिराजच्या दहा डोळ्यांत चारात घड दिसले. म्हणजे २०२६ छापलेल्या आमच्या बाटल्या कमी असणार हे फळछाटणी व्हायच्या आधीच ठरलंय. मामा दसरा झाला की छाटा म्हणतात, ह्यांना दिवाळीनंतर छाटायचीय, रोज रात्री जेवताना तोच विषय, आणि मी पेस्टची बाटली आणून ठेवलीय.