डोळ्यात दंडोबा

संकष्टीला चंद्र उगवला का, हे बघायला आमच्याकडे मलाच गच्चीवर पिटाळतात. उपास आईचा, जिने माझे. अशाच एका संकष्टीला मी खाली येऊन सांगितलं, "उगवलेत."

"उगवलेत म्हणजे? किती?"

परत जाऊन मोजून आलो. चार होते. पाचवा जरा पुसट.

दुसऱ्या दिवशी आईनं मला सांगलीहून मिरजेला नेलं. तिथल्या यंत्रानं माझ्या डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला होता. केरॅटोकोनस. नकाशात सगळीकडे हिरवं-निळं आणि मधोमध, जरा खाली, लालभडक उंचवटा. आमच्या सपाट मुलखात डोंगर म्हणजे दंडोबा, तो माझ्या डोळ्यात निघाला.

"डोळे चोळता का?" डॉक्टरांनी मला विचारलं. उत्तर आईनं दिलं, "कणीक मळावी तसं! लहानपणापासनं."

मग बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून वर अतिनील प्रकाश सोडला. त्यानं डोंगर वाढायचा थांबला, पण सपाट काही झाला नाही. वेड्यावाकड्या चढउतारापुढे चष्मा हात टेकतो, म्हणून स्क्लेरल लेन्स. शर्टाच्या बटणापेक्षा मोठी, कडक, खोलगट. ती कॉर्नियाला शिवत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मधल्या पोकळीत सलाईन राहतं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं की रस्ता सपाट दिसतो, तेच तत्त्व. आम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही.

मापाच्या दिवशी मॅडमनी डोळ्यात पिवळा रंग घातला, निळ्या उजेडात बघितलं आणि "इथं टेकतीय" म्हणून दुसरी लेन्स काढली. मग तिसरी. प्रत्येक लेन्स अर्धा तास "बसू द्यायची". तीही बसलेली, मीही बसलेलो. मधेच रुमालानं डोळा टिपला तर रुमाल पिवळा. सांगलीचा माणूस, हळद डोळ्यातनंही येणारच.

खरी परीक्षा घरी. लेन्स रबरी दांडीवर ठेवायची, काठोकाठ सलाईन भरायचं, मान जमिनीला समांतर करायची, दोन बोटांनी पापण्या ताणायच्या आणि ती भरलेली वाटी न सांडता खालून डोळ्याला लावायची. पापणी म्हणजे सरकारी खिडकी, आपण पोचलो की बंद. पहिल्या दिवशी निम्मं सलाईन बाहीत गेलं, निम्मं नाकात. एकदाची बसली तर आत बुडबुडा. बुडबुडा म्हणजे समोर धुकं, म्हणजे काढा परत. काढायला वेगळी रबरी दांडी. ती मधोमध नाही, कडेला लावायची. आई दारातून बघत होती. "मोरी तुंबल्यावर आणतात तसलं दिसतंय की रे हे."

सातव्या खेपेला जमलं. तोवर डोळा टोमॅटो झालेला आणि आईनं देव पाण्यात ठेवलेले. मी वर बघितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी दिसल्या. समोरच्या वाटीतलं भडंग दिसलं, आणि शेंगदाणे ताईच्या वाटीत जास्त आहेत हेही. इतकी वर्षं हा अन्याय धूसरपणाच्या आडोशानं चालू होता. मी तसं बोलून दाखवलं. ताई म्हणाली, "आधी बरा होतास."

आता रोज सकाळी वीस मिनिटं लवकर उठतो. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, ती घालून झोपायचं नाही, डोळा तर चोळायचाच नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. खाज सुटली की मी हातांवर बसतो.

परवा संकष्टी होती. दिवसभर लेन्स घालून डोळा शिणला, म्हणून आठलाच काढून डबीत ठेवली. साडेनवाला आईची हाक आली, "अरे, बघ की जरा."

गच्चीवर गेलो. ढग सरकले होते.

"दिसतोय का रे?"

"दिसतायत."

"एक पुरे मला," म्हणत तिनं कुकर उघडला.