मणक्यातील इम्प्लांटवरचा लेप आणि त्याच्या नावावर फिरणारे दावे

मणका जुळवण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांच्या घरी सध्या एक संदेश हमखास पोहोचतो. त्याचा आशय असा: साधे टायटॅनियम शरीर नाकारते; ‘जैवसक्रिय’ म्हणजे हाडाला जोडून घेणारा लेप दिलेला केज (चकतीच्या जागी दोन मणक्यांमध्ये बसवायचा पोकळ ठोकळा) मात्र तीन आठवड्यांत हाडाशी एकजीव होतो, त्यामुळे कमरेचे हाड काढून भरावे लागत नाही की विश्रांती घ्यावी लागत नाही; लेपाचे स्क्रू जन्मात सैल होत नाहीत; तेव्हा कितीही पैसे लागले तरी डॉक्टरांकडे लेपाच्याच इम्प्लांटचा हट्ट धरा. असे लेप खरोखर आहेत आणि योग्य ठिकाणी ते उपयोगीही आहेत. नेमक्या याच कारणाने हा संदेश घातक ठरतो, कारण त्यावर विश्वास ठेवून महिन्याभरात वजन उचलायला लागलेला रुग्ण स्वतःचेच नुकसान करून घेतो.

टायटॅनियम शरीर नाकारते, हा दावा तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची कुपी ते काढायला गेले, तेव्हा हाडाने ती इतकी घट्ट धरली होती की ती निघेना. या निरीक्षणातूनच पुढे दातांचे इम्प्लांट आले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाला ते बसवले गेले. टायटॅनियमवर हवेच्या संपर्काने आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो, आणि खडबडीत केलेल्या अशा पृष्ठभागावर कोणताही लेप नसताना हाड थेट वाढते. अडचण खरी आहे ती ‘पीक’ म्हणजे पॉलिइथर-इथर-किटोन या प्लास्टिकच्या केजची. त्याची लवचिकता हाडाच्या जवळपास असते, शिवाय एक्स-रेमध्ये ते आड येत नसल्याने आतले हाड वाढते आहे का हे स्पष्ट दिसते. म्हणून शल्यविशारदांना ते आवडते. पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि पाणी दूर ठेवणारा असल्यामुळे हाडाच्या पेशी त्यावर नीट चिकटत नाहीत आणि पुष्कळदा केज व हाड यांच्यामध्ये तंतुमय ऊतींचा पातळ पडदा तयार होतो. त्यावर टायटॅनियमचा किंवा हाडातील खनिजासारख्या हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा लेप देण्यामागे हे सबळ कारण आहे.

‘तीन आठवड्यांत एकजीव आणि हाड भरण्याची गरज नाही’ हा दावा सर्वांत जास्त पसरला आहे, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खनिज आपल्या हाडातील खनिजाचे जवळचे नातलग आहे. लेप शरीरद्रवात अगदी सावकाश विरघळतो, त्यावर हाडासारख्याच खनिजाचा नवा थर बसतो, त्याला प्रथिने चिकटतात आणि त्या आधाराने हाड घडवणाऱ्या पेशी काम सुरू करतात. संशोधक लॅरी हेंच यांनी १९६९ साली फ्लोरिडा विद्यापीठात तयार केलेली जैवकाच, म्हणजे हाडाला जोडली जाणारी खास काचही साधारण याच मार्गाने काम करते. हे सारे घडते ते पृष्ठभागाला लागून. मणके जुळणे मात्र वेगळे: वरच्या मणक्यापासून खालच्या मणक्यापर्यंत अखंड हाडाचा पूल तयार व्हावा लागतो. प्लाझ्मा फवारणीने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतातून दिलेला लेप साधारण ५० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, तर कमरेतील केजची उंची १० मिलिमीटरच्या आसपास असते. लेप आणि हाड यांत एक-दोन मिलिमीटरची फट राहिली, तर ती भरून निघायला लेपाची मदत होते. पूर्ण पूल बांधणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

म्हणूनच शस्त्रक्रियेत खरा वेळ जातो तो जागा तयार करण्यात. झिजलेली चकती काढल्यावर मणक्याच्या टोकावरची कूर्चा क्युरेट या चमच्यासारख्या हत्याराने खरवडली जाते, खालच्या हाडावर रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागेपर्यंत. पण जास्त खरवडले तर ते पातळ हाड फुटून केज आत रुतू शकतो. मग नसेवरचा दाब काढताना निघालेल्या हाडाचे बारीक तुकडे स्वच्छ करून केजच्या पोकळीत आणि आजूबाजूला ठासून भरले जातात. पुष्कळ रुग्णांत एवढे हाड पुरते आणि कमरेचे वेगळे काढावे लागत नाही. संदेशात याचे श्रेय लेपाला दिले आहे, ते चुकीचे आहे. हाड नसलेल्या जागी हाड तयार करवणारा पदार्थ म्हणजे बीएमपी-२ हे प्रथिन. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००२ साली त्याला कमरेच्या ठरावीक शस्त्रक्रियेसाठी मंजुरी दिली आणि २००८ साली मानेत वापरल्यास जीवघेणी सूज येऊ शकते असा इशाराही दिला. खनिजाच्या लेपात ते प्रथिन नसते.

हाडाचा पूल पक्का व्हायला साधारण सहा महिने ते वर्ष लागते, आणि तो झाला की नाही हे सीटी स्कॅनमध्ये पाहावे लागते. दुखणे थांबले म्हणजे मणके जुळले असे होत नाही. या काळात निकोटिनचा अडथळा मोठा असतो, कारण त्याने रक्तपुरवठा घटतो. धूम्रपान करणाऱ्यांत मणके न जुळण्याचे प्रमाण जास्त आढळते. आपल्याकडे विडी न ओढणाऱ्या कितीतरी बायका दिवसातून अनेकदा मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का’ असे विचारल्यावर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्री तंबाखूचीच असते आणि निकोटिन तिच्यातूनही रक्तात जाते. हे डॉक्टरांना आपणहून सांगणे लेपाच्या चौकशीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

स्क्रू सैल न होण्याच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट लावलेले पेडिकल स्क्रू (मणक्यात मागून बसवून सळ्यांनी जोडायचे स्क्रू) साध्या स्क्रूंपेक्षा हाडात घट्ट बसतात, ते उलटे फिरवून काढायला जास्त जोर लागतो हे मोजून सिद्ध झाले आहे, आणि ठिसूळ हाडांच्या रुग्णांत हा गुण मोलाचा आहे. मात्र पुढे संसर्ग झाला किंवा दुसऱ्या कारणाने स्क्रू काढावे लागले, तर हीच घट्ट पकड अडचणीची होते. ‘जन्मात सैल होत नाहीत’ हे तर खरेच नाही. इम्प्लांट आणि हाड यांच्यातील हालचाल सुमारे १५० मायक्रॉनच्या पुढे गेली, की हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात, आणि लेप असला तरी सुरुवातीचे स्थैर्य स्क्रू, सळ्या आणि हाडाची घनता यांनीच द्यायचे असते. शिवाय लेपाची धातूवरची पकड कमकुवत असेल तर त्याचे पापुद्रे सुटू शकतात.

महाग तेवढे चांगले, या समजुतीबद्दल खुब्याच्या सांध्याचा अनुभव बोलका आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीतील ८,००० हून अधिक खुब्यांच्या २०१० मधील अभ्यासात हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट लावलेल्या कृत्रिम सांध्याच्या वाट्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा धोका उलट जास्त दिसला. खुब्याचा निष्कर्ष मणक्याला जसाच्या तसा लावता येत नाही, पण लेप म्हणजे हमखास फायदा हे गृहीत धरणे चूक आहे, एवढे त्यातून निश्चित कळते. डॉक्टरांना विचारायचेच असेल तर माझ्या हाडांची घनता किती आहे, केज कशाचा आहे आणि त्यात भरायचे हाड कोठून घेणार, हे विचारावे. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या वेष्टनावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असतात. त्यांची प्रत मागून घ्यावी, कारण पुढे कधी स्क्रू काढायची वेळ आली तर आत नेमके काय बसवले आहे हे नव्या डॉक्टरांना त्यावरूनच कळते.