पाटी नसलेला दवाखाना

२६ जुलै, कारगिल विजय दिवस, जवळ आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरतो: आपल्याकडच्या माजी सैनिकांचा सत्कार, सर्वांनी वेळेवर यावे. शाल, श्रीफळ, फोटो. मग सूत्रसंचालक माइक पुढे करतो, "साहेब, एखादा थरारक प्रसंग सांगा ना, मुलांना ऐकू दे." हेतू चांगला असतो. तरी माझी कळकळीची विनंती आहे, हे विचारू नका. ज्याला सांगायचं असतं तो आपणहून सांगतो. ज्याला सांगता येत नाही, तो त्या माइकसमोर काहीतरी बोलून वेळ मारून नेतो आणि त्याची किंमत रात्री घरी मोजली जाते.

शौर्याचं ऐकायला आपण गर्दी करतो. त्याच माणसाला त्याच गोष्टीचा उरलेला भाग बोलून टाकायला बिनबोभाट जागा मात्र या एवढ्या मोठ्या पुणे शहरात सहजी सापडत नाही. आजची पोस्ट त्या जागेसाठी आहे.

माझे वडील, आप्पा, काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आले आणि आम्ही दिघीत घर घेतलं. ही पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली आहे. काही ओळी त्यांनी काढायला सांगितल्या, त्या काढल्या. युनिटचं नाव, तिकडच्या गावांची नावं, वर्षं, यातलं इथे काही नाही. तिकडे काय घडलं ते मी लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. मला माहीत आहे ते घरातलं.

लोहगावहून सुखोई उडालं की आमच्या खिडक्या थरथरतात. त्याचा त्यांना कधीच त्रास झाला नाही. त्रास व्हायचा तो ओल्या मातीत डिझेल सांडल्याच्या वासाचा. दिवाळीत खाली सुतळी बॉम्ब वाजला तर ते दचकायचे नाहीत, चेहऱ्यावरचं सगळं पुसलं जायचं आणि मग भाऊबीजेपर्यंत कुणाशी धड बोलणं नाही. रात्री उठून दाराची कडी बघायची, गॅलरीतून खाली बघायचं, पुन्हा कडी. लग्नात जेवायला बसायचं ते भिंतीला पाठ लावूनच. आईने हे सगळं वर्षानुवर्षं बघितलं आणि नातेवाइकांकडून ऐकलं काय, तर "नवरा फौजी, पेन्शन चालू, कँटीनचं कार्ड आहे, तुला काय कमी आहे गं?"

याला वैद्यकात नाव आहे, पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहून गेलेला आघात. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ते आपल्या अधिकृत यादीत घेतलं. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, याच दुखण्याला शेल शॉक म्हणायचे. म्हणजे "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे खरं नाही. श्रीलंकेतून १९९० मध्ये परत आलेल्या शांतिसेनेतल्या जवानांच्या घरीही ते होतं. त्यावर रम होती, एवढंच.

मग आप्पा बोलले का नाहीत? लोक म्हणतात, फौजी माणूस, अभिमान आडवा येतो. मला हे उत्तर पटत नाही. आडवी येते ती कॅटेगरी. फौजेत प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी ठरते, तिला शेप म्हणतात, आणि त्यातलं पहिलं अक्षर मनाच्या आरोग्याचं. तिथे आकडा बदलला की त्याची सावली पोस्टिंगवर पडते, प्रमोशनवर पडते. 'कॅटेगरी लागली' हे शब्द लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या जेवणघरात, दबक्या आवाजात बोलले जातात. उमेदीची सगळी वर्षं ज्याने झोप न येण्याचीही तक्रार केली नाही, तो पेन्शनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरसमोर मन मोकळं करेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि भीती पेन्शनबरोबर संपत नाही. आपला जवान चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. मुलांची शिक्षणं बाकी, घराचे हप्ते चालू. मग हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात सिक्युरिटीची नोकरी, नाहीतर बँकेत गनमन. शस्त्र परवान्यासाठी मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. अशा माणसाला कागदावर 'मानसोपचार' हा शब्द नको असतो, तेव्हा तो पोटाचा विचार करत असतो. त्याला भित्रा म्हणू नये.

ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे आणि गुडघे, हृदय, मोतीबिंदू, कशासाठीही ती आमच्यासारख्या घरांचा मोठा आधार आहे. हे मी मनापासून म्हणते. पण बाकावर बसलेले सगळे एकमेकांना ओळखतात. कोण कुठल्या पलटणीचा, कुणाची मुलगी कुठे दिली, सगळं. आप्पा एकदा एका ठिकाणी रेफरलसाठी उभे असताना खिडकीतून जोरात आवाज आला, "सायकियाट्रीवाले कोण आहेत?" आप्पा रांगेतून निघाले ते सरळ घरी. पुढे कितीतरी महिने तो विषयच बंद. संध्याकाळपर्यंत कुणीतरी म्हणालंही होतं, पेन्शन वाढवून घ्यायला नाटक करतोय.

पुण्यात हे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. जखमी सैनिकाला उभं करणं हे या शहराचं जुनं काम आहे. अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ची, मुंबईत सुरू होऊन पुढे इथे आलेली. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. पाठीचा कणा जायबंदी झालेल्यांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर १९७४ चं. वानवडीत कमांड हॉस्पिटल, शेजारी एएफएमसी हे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे मानसोपचाराचे उत्तम डॉक्टर. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालयसुद्धा इथलंच. कमी आहे ती अशा दाराची, ज्यातून आत जाताना कुणी बघितलं तरी काही कळणार नाही.

अमेरिकेने १९७९ मध्ये माजी सैनिकांसाठी व्हेट सेंटर नावाची समुपदेशन केंद्रं सुरू केली. हॉस्पिटलच्या आवारात नाहीत, वस्तीतल्या साध्या जागांमध्ये. आत बरेचसे कर्मचारी स्वतः माजी सैनिक. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथली नोंद वेगळी राहते. जिवावर बेतण्यासारखं काही असेल तर गोष्ट वेगळी, एरवी सैनिकाच्या लेखी संमतीशिवाय ती लष्कराकडेही जात नाही आणि सरकारी दवाखान्याकडेही जात नाही. तिथल्या सैनिकांनाही आपल्यासारखीच भीती होती, हे त्यावरून कळतं. फक्त तिथे कुणी त्यांना धीट व्हा असं सांगत बसलं नाही, व्यवस्था बदलली.

हातात बंदूक असलेल्या माणसाचं दुखणं लपवून ठेवायचं का, असं मला एका काकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याचं उत्तर आहे. कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरला आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभाही देतं. काकांना मी एवढंच म्हटलं, की जो माणूस दर आठवड्याला कुणासमोर तरी बसतो, त्याची काळजी कमी करा. कडी बघत रात्र काढणाऱ्याची जास्त करा.

आप्पा शेवटी गेले ते कोथरूडला, फौजेशी काही संबंध नसलेल्या एका समुपदेशक बाईंकडे. दिघीहून पीएमटीने, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचं, बँकेत काम आहे. आत काय बोलतात ते आम्ही विचारत नाही. उपचाराची पद्धत बाईंनी पहिल्याच भेटीत समजावली: आघात झाल्यावर मनाने स्वतःबद्दल जे निकाल देऊन ठेवलेले असतात, "माझ्यामुळे तो गेला" यासारखे, ते एकेक करून तपासायचे. साधारण बारा बैठकींचा हा उपचार मुळात बलात्काराला सामोऱ्या गेलेल्या स्त्रियांसाठी तयार झाला आणि नंतर सैनिकांनाही उपयोगी पडला. आप्पांना हे ऐकून बरं वाटलं म्हणे. का, ते त्यांनी सांगितलं नाही. झोप आता बरी आहे. डिझेलचा वास अजून चालत नाही.

पण फी खिशातून भरली, आणि गावाकडच्या शिपाई-नाईक पेन्शनवाल्याला ती परवडणार नाही. २०२२ पासून अग्निवीर भरती होताहेत, चार वर्षांनी त्यातले बहुतेक विशी-पंचविशीत घरी येणार. योजनेच्या मूळ अटींप्रमाणे त्यांना पेन्शनही नाही, ईसीएचएसही नाही. त्यांतला एखादा रात्री उठून कडी बघायला लागला तर त्याने कुठे जायचं?

म्हणून सैनिक कल्याण विभागाकडे मागणी आहे. दिघी, खडकी किंवा वानवडीत साध्या इमारतीत दोन खोल्या घ्या. बाहेर पाटी नको. पहिल्या भेटीला सर्व्हिस नंबर विचारू नका. वेळ संध्याकाळची ठेवा, कारण दिवसा ड्युटी असते. मराठीत बोलणारे, आघातावर काम केलेले समुपदेशक नेमा, टेबलावर एखादा माजी सैनिक बसवा. बायकांसाठी वेगळा वार ठेवा, त्यांनी फार सोसलेलं असतं. याला फार पैसा लागत नाही.

ते होईपर्यंत टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. १४४१६ हा नंबर, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा खास कक्ष इथेच एएफएमसीत आहे. फोन सैनिकानेच करायला हवा असं नाही, घरातलं कुणीही करू शकतं. आमच्याकडे पहिली चौकशी आईनेच केली होती.

आणि पुण्यात कुणाला समुपदेशक शोधायला मदत हवी असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. कुणासाठी हवंय ते सांगू नका, मी विचारणार नाही.