कबाडी आहे ना भाऊ, टेन्शन कायले घेता!

ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढायचे आहेत ना? मग कोणीतरी शहाणा येऊन सांगणारच की 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवीन नियम लागू आहेत, आर्थिक वर्षात कधीही नियमांच्या यादीतल्या विजेच्या न इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे 1000 नग वापरात असले की कंपनी बल्क कंझ्युमर (म्हणजे मोठा वापरकर्ता) होते आणि मग माल फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनं दुरुस्त करून वापरात आणणारा) नाहीतर रिसायकलरलाच द्यावा लागते. ऐकून घ्या, चहा पाजा अन् मोजायचंच नाही. मोजलंच नाही तर हजार होतीन कसे? एसी, प्रिंटर, मोबाईल, ट्युबा वगैरे तर धरूच नका, यादीत 106 प्रकार आहेत हे आपल्याला माहीतच नाही बाप्पा.

माल लगेच काढायचाही नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत टाका, नागपूरचा मे महिना आहेच, यूपीएसच्या बॅटऱ्या मस्त फुगतात. (बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत, 2022 चेच, पण एका वेळी एकच डोकेदुखी.)

मग बोलवा कबाडी. नागपूरच्या मिरवणुकीत मारबतीच्या पुतळ्यामागे "घेऊन जा गे मारबत" ओरडलं की इडापीडा जाते, तसं त्याचा छोटा हत्ती गेटबाहेर पडला की आपली जबाबदारी खतम! पुढं तो वायरी कुठल्या रिकाम्या प्लॉटवर जाळते, प्लास्टिकचा धूर होते न तांबं उरते, जुन्या डब्बा मॉनिटरची शिसं असलेली काच नाल्याकाठी फुटते, पण तुमच्या धरमपेठच्या केबिनची खिडकी एसीमुळं बंदच राहते ना, मग?

हार्ड डिस्क फोडत बसू नका, वजन कमी भरते. फॉरमॅट मारला की झालं. त्यातून डेटा परत निघते म्हणतात, पण आपल्या टॅलीत न स्टाफच्या आधार-पॅनच्या कॉप्यांत कोणाले इंटरेस्ट आहे?

आलेले पैसे रोखच घ्या, स्टाफले तर्री-पोहे चारा. उद्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं विचारलं, माल कोणाले दिला, कागद दाखवा, तर आहे ना कागद! कबाडीनं पेन्सिलनं लिहून दिलेली चिठ्ठी, "भंगार मिक्स, हिशेब चुकता". फाईलीत नसली तर पॅन्ट्रीत पाहा, पोह्याच्या प्लेटीखाली तीच ठेवली होती.