असू दे, कधी लागलं तर?

नौपाड्यातली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही मानपाड्याला भाड्याने आलो, तेव्हा अर्धा टेम्पो आईच्या खोक्यांनीच भरला होता. "ह्यातलं काय लागणारे?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "असू दे, कधी लागलं तर?"

त्या खोक्यांत बसून मला लॅपटॉपचंही रीडेव्हलपमेंट करायची बुद्धी झाली. लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत, बिचारी निमूट नांदत होती. पण मला स्नॅपशॉट हवे होते. आज घोटाळा झाला तर फायली कालच्या रूपात परत. ही सोय बटर-एफएस ह्या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये मिळते. ते २००९ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आहे, २०२० पासून फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती डेस्कटॉपवर तेच देते, असं मी बायकोला पटवत होतो. तिने मेथी निवडता निवडता विचारलं, "आत्ताचं चालतंय ना?"

हा प्रश्न माझ्यातल्या इंजिनिअरला नेहमीच अपमानास्पद वाटत आलाय.

शिवाय ईएक्सटी४ला जागच्या जागी बटर-एफएस करणारी कमांड आहे. डिस्क रिकामी करायला नको. ट्रान्झिट कॅम्प नाही, भाडं नाही, बिल्डरच्या ऑफिसात खेटे नाहीत. बॅकअपचं विचारू नका.

रात्री दहाला होम पार्टिशन, म्हणजे डिस्कचा माझ्या फायलींचा भाग, अनमाउंट केलं (सिस्टिमपासून सोडवलं), तपासलं, कमांड सोडली. काम बिनबोभाट झालं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर काळा स्क्रीन आणि 'इमर्जन्सी मोड'. पार्टिशनला नवा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, मिळाला होता आणि कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये अजून जुनाच. फ्लॅटचा नंबर बदलला, पोस्टमनला कळवायचं राहिलं! ती एक ओळ दुरुस्त करेपर्यंत दोन वाजले.

सकाळी डिस्क गच्च दिसली म्हणून 'न्यू फोल्डर ३' उडवला. चांगला ६० जीबीचा. मोकळी जागा जैसे थे. ट्रॅश रिकामा केला. जैसे थे.

दुपारी उलगडा झाला. परत फिरायची वेळ आली तर असावी म्हणून कमांडने अख्खी जुनी फाइल सिस्टिम 'ईएक्सटी२_सेव्ह्ड' नावाने आतच जपून ठेवली होती. आणि बटर-एफएसचा स्वभाव असा, की डिस्कवरच्या ब्लॉकवर एकाचाही हक्क शिल्लक असेल तर ते जागा सोडत नाही. मी फोल्डर उडवला, पण ईएक्सटी२_सेव्ह्ड तो उराशी धरून म्हणत होतं, असू दे, कधी लागलं तर?

एक आई घरात पुरे होती. मी ते उडवलं. परतीचा रस्ता बंद, पण ६० जीबी मोकळे!

संध्याकाळी मावशी आली. आई म्हणाली, "बाबांच्या एकसष्टीचा व्हिडिओ लाव रे."

न्यू फोल्डर ३.

माझा चेहरा बघून आई उठली. 'डबे' लिहिलेल्या खोक्यातून तिने एकसष्टीची डीव्हीडी काढली. लॅपटॉपला डीव्हीडी घालायची सोयच नाही, आणि जुना प्लेअर तर टेम्पो भरताना मीच चाळीस रुपयांना भंगारवाल्याला दिला होता.

"त्या खालच्या खोक्यात बघ," आई म्हणाली. "तू वर गेल्यावर परत घेतला मी. शंभर घेतले मेल्याने."